पहिल्या तुकडीला सूट

भीमरावतात्या दुधाळांचा आवाज गेला तेव्हा सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अर्ध्या लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं होतं. हळदीच्या सौद्यात बोली पुकारावी ती तात्यांनीच. कुणी माईक पुढे केला तर ते खेकसायचे, "हे बोंडुक कशाला? मी काय आजारी हाय?" आणि मग खरंच आजारी पडले. एकेक स्नायू संपावर जातो असा तो आजार. आधी हात गेले, मग पाय, शेवटी जीभ आणि गळा. ज्या माणसाचं सगळं आयुष्य तोंडावर चाललं, त्याच्या तोंडचा शब्दच जातो म्हणजे काय होतं, ते त्यांच्या मुलीला विचारा.

मुलगी, हर्षदा, पुण्यातलं बस्तान गुंडाळून सांगलीला परत आली होती. आई कधीच गेलेली, दुसरं कोणी नाही. पण नशीब म्हणजे बघा, ती ज्या कंपनीत होती तिचं सांगलीतही ऑफिस होतं, आणि ती कंपनीच गळपट्टा बनवायची. माणसाच्या मनात बोलायचं आलं की मेंदू गळ्याला हुकूम सोडतो. स्नायू मेलेले असले तरी तो हुकूम विजेच्या बारीकशा थरथरीसारखा गळ्यापर्यंत येऊन पोचतोच. पट्टा ती थरथर पकडतो, तिचा शब्द लावतो आणि माणसाच्या स्वतःच्या जुन्या आवाजात तो बोलून दाखवतो. तात्यांच्या आवाजाला काय तोटा? यार्डातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये तो भरलेला होता. चाचणीसाठी पहिली तुकडी निवडली तीत हर्षदानं तात्यांचं नाव घातलं.

पट्टा बांधून पहिल्यांदा बोलले ते काय, तर, "कुत्र्यागत बांधलीस की गं मला. आता भुंकू काय?"

हर्षदा हसली आणि तिथंच भोकाड पसरून रडली.

त्याला दोन वर्षं होऊन गेली. आता पट्टे हजारोंच्या गळ्यात होते. कायद्यानंही ते मान्य केले. पट्ट्यातून आलेलं 'हो' सहीइतकंच पक्कं, मग ते कचेरीत असो की हॉस्पिटलात.

हर्षदाचं काम पट्ट्याच्या आतलं. पट्ट्याचा प्रोग्राम एका कंटेनरमधून जातो. तिच्या टीममध्ये त्याला सरळ डबाच म्हणायचे. घरून डबा भरून दिला की तो कुठल्याही ऑफिसात उघडून खाता येतो, तिथल्या कँटीनवर अवलंबून राहायला नको, तसंच हे. प्रोग्रामला लागेल ते सगळं एका डब्यात बंद करून पाठवायचं, म्हणजे पट्टा कुठलाही असो, आत सगळं तेच आणि तसंच. पण हल्ली प्रोग्राम कोणी मुळापासून लिहीत नाही. हा तुकडा एकाकडून उसना, तो दुसऱ्याकडून, आणि त्या उसन्या तुकड्यांनीही आणखी कुणाकुणाकडून उसनं आणलेलं. डबा भरणारं आणि उघडणारं अवजारसुद्धा असंच उसनवारीवर उभं. त्यातल्या एखाद्या तुकड्याला भोक पडलं तर चोराला भिंत फोडायची गरजच राहत नाही.

भोकं पडतातच. त्यासाठी कंपनीनं वॉचमन ठेवला होता. म्हणजे माणूस नव्हे, प्रोग्रामच. जगभरात कुठल्या तुकड्याला भोक सापडलं यावर तो नजर ठेवायचा, दुरुस्त केलेली नवी आवृत्ती आणायचा, डबे नव्यानं भरायचा आणि सकाळच्या चहाआधी सगळ्या पट्ट्यांवर पोचवून मोकळा व्हायचा. माणसांचं काम उरलं होतं ते एकच, अडवायचं असेल तर अडवणं. त्याला 'सूट' म्हणायचे. सूट द्यायची तर दोघांच्या सह्या लागत.

त्या सोमवारी वॉचमननं भोक दाखवलं ते डबा उघडणाऱ्या अवजारातच. बाहेरून मुद्दाम वाकडा भरलेला डबा पाठवला, तर उघडताना त्यातला माल डब्याबाहेर सांडून थेट पट्ट्याचा ताबा घेऊ शकत होता. दुरुस्ती तयार होती. फक्त ती नवी आवृत्ती आकडेमोडीचा तुकडाही नवाच मागत होती, आणि जुन्या तुकड्यासाठी वेगळी दुरुस्ती कोणी केली नव्हती.

हर्षदाची एक सवय होती. कुठलाही बदल बाहेर सोडायच्या आधी ती तात्यांची साठवलेली थरथर त्यातून एकदा चालवून बघायची. तिनं चालवली. "हर्षे, चहा टाक" यायला हवं होतं. आला शब्दांचा नुसता चिखल.

कारण तिला पंधरा मिनिटांत कळलं. नवा तुकडा आकडे वेगळ्या क्रमानं मिळवत होता, त्यामुळे दशांशाच्या पार शेवटच्या घरात फरक पडत होता. धडधाकट थरथरीला त्याचं काहीच नाही. पण पहिल्या तुकडीचे पट्टे जुन्या आकडेमोडीवर शिकलेले, त्यांचा सूर बिघडणार. बाकीच्यांनी चार दिवस बसून पट्ट्याला पुन्हा शिकवलं असतं, की झालं. तात्या मात्र शिकवू शकले नसते. दोन वर्षांत त्यांची थरथर इतकी क्षीण झाली होती की पट्टा जुन्या ओळखीवरच कसाबसा त्यांचं बोलणं लावत होता. ओळख पुसली की संपलं.

मग सूट फक्त तात्यांना द्यायची? तेही जमेना. डब्याला माणसाचं नाव कळता कामा नये, कोणाच्या गळ्यात कुठला डबा हे कोणाला शोधता येऊ नये, हा नियम खुद्द हर्षदानंच कंपनीशी भांडून करून घेतला होता. सूट द्यायची तर अख्ख्या तुकडीला.

तिनं दिली. कारण लिहिलं, "जुन्या तुकडीत आवाज बिघडण्याचा धोका, पर्यायी दुरुस्ती चालू." दुरुस्ती काही चालू नव्हती. ती चालू करणार होती. जुन्याच तुकड्याला स्वतः ठिगळ लावायचं, महिनाभराचं काम, त्यात काय एवढं! आणि एवढ्याशा तुकडीला हुडकत येणार तरी कोण?

दुसरी सही इम्तियाज मुजावरची. मिरजेचा, तिच्याबरोबरच कंपनीत लागलेला. त्यानं चष्मा कपाळावर सारला.

"तू बघितलंयस ना?"

"बघितलंय."

"मग झालं की." आणि ठोकली सही. टीमची रीतच ती. हर्षदानं बघितलं म्हणजे बघितलं. इतक्या वर्षांत त्या रीतीनं कोणाला दगा दिला नव्हता.

महिना गेला, दुसरा अर्धा गेला. ठिगळाचं काम रोज संध्याकाळी सुरू व्हायचं होतं आणि रोज काहीतरी आडवं यायचं. खरं सांगायचं तर आडवं काही येत नव्हतं. ते काम उघडलं की आपण काय करून ठेवलंय तेही समोर उघडं पडायचं, म्हणून ती उघडतच नव्हती. त्यापेक्षा तात्यांच्या खुर्चीशेजारी बसणं सोपं होतं.

"तोंड का पाडलंयस?" तात्या एकदा म्हणाले.

"कुठं काय?"

"मला फसवू नगंस. गिऱ्हाईक चेहऱ्यावरनं वळखायचो मी. सांग, काय झालंय?"

जिभेवर आलं होतं तिच्या. पण सांगायचं तर कोणत्या आवाजाचं उत्तर ऐकायचं? त्याच आवाजाचं, ज्यासाठी हे सगळं केलं. ती म्हणाली, "ऑफिसची कटकट, दुसरं काय." तात्यांनी मग यार्डातल्या कुठल्याशा दलालाची नक्कल करून तिला हसवलं. ती हसली, पण आतून कोणीतरी चिमटा घेत होतं.

मग एका दुपारी, जेवणाच्या सुटीत, इम्तियाज तिच्या टेबलाशी आला. डबा उघडायचाही बाकी होता त्याचा.

"जयसिंगपूरहून फोन आला होता. चंपाताई मगदूम. त्यांचे मिस्टर बाळगोंडा, आपल्या पट्ट्यावर होते. गेल्या महिन्यात वारले."

"अरेरे."

"पट्टा त्यांनी कपाटात ठेवला होता. काल तो कपाटातून बोलला."

हर्षदाला वाटलं तो थट्टा करतोय. इम्तियाज असली थट्टा करणारा माणूस नव्हता.

"हो म्हणाला. मग नको. मग परत हो. बाळगोंडांच्या आवाजात. चंपाताई चक्कर येऊन पडल्या, शेजाऱ्यांनी उचललं. पट्टा मागवून घेतलाय मी. चल, उघडून बघू."

उघडला. आत कोणीतरी येऊन गेलं होतं. कोणी म्हणजे माणूस नव्हेच, जगातल्या दारांना धक्के मारत फिरणारा एक उडाणटप्पू प्रोग्राम. त्याला ना बाळगोंडा माहीत, ना जयसिंगपूर. कायद्यानं पट्ट्याचं 'हो' पक्कं मानलं ना, मग ज्या ज्या पट्ट्यात शिरता आलं त्यातून तो हो नि नको म्हणून बघत होता, कुठलं कुलूप उघडतं का म्हणून. आला होता डबा उघडणाऱ्या अवजाराच्या भोकातूनच.

"हे भोक तर आपण केव्हाच बुजवलं," इम्तियाज म्हणाला. "हा डबा जुना कसा राहिला?"

त्यानं सूट दिल्याचा हुकूम शोधला, वाचला. खालची सही बघितली. ती त्याचीच होती.

"तात्यांसाठी?"

तिनं मान हलवली.

"मला सांगितलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, म्हणून नाही सांगितलंस."

"हो."

"निदान नाही म्हणायला तरी द्यायचं होतंस मला." तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता खुर्चीत बसून राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "अजून एक आहे, हर्षदा. बाळगोंडा गेले ते आयसीयूत. श्वास अडकत होता. डॉक्टरांनी त्यांना विचारलं, नळी घालून मशीनवर ठेवू का? पट्टा म्हणाला, नको."

"कोण म्हणालं?"

"पट्टा म्हणाला. तेच तर."

"तो प्रोग्राम आत कधी शिरला? हॉस्पिटलच्या आधी की नंतर?"

"आत आल्यावर पहिल्यांदा त्यानं स्वतःच्या पाऊलखुणाच पुसल्यात. मी सगळ्या बाजूंनी बघितलं. नाही कळणार. कोणालाच, कधीच." इम्तियाज उठला. "मी आत्ता वर कळवतोय. पहिल्या तुकडीला नवा डबा जाईल, पण आधी चाचणीची यादी धरून एकेकाला फोन करून सांगू. सूट न वाचताच तिच्यावर सही केली, हेही सांगणार आहे मी. तात्यांचा पट्टा..."

"मी घरी जाऊन करते."

"आज."

"आजच."

घरी तात्या खिडकीशी होते. दिवसा सांभाळणाऱ्या काकू निघून गेल्या आणि हर्षदानं सगळं सांगितलं. भोक, सूट, इम्तियाजची सही, बाळगोंडांचं 'नको'. कुठेही स्वतःला पाठीशी घातलं नाही. एकदाच म्हणाली, "तुमचा आवाज जाऊ नये म्हणून," आणि ते म्हणतानाच तिला स्वतःची शिसारी आली. तात्यांच्या डोक्यावर हे ओझं कशाला?

तात्या म्हणाले, "मधी एकदा माझ्या पट्ट्यातनं बी आपसूक आलं होतं. ठीक आहे, म्हणून. मी म्हटलंच नव्हतं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू एवढं राबून केलंस. त्यात मी खोट काढू?"

हर्षदाला रडू फुटलं. बाप लेकीला जपत होता, लेक बापाला, आणि त्या जपण्याजपण्यात जयसिंगपूरचा एक माणूस गेला होता. कदाचित. त्या 'कदाचित'चं काय करायचं ते तिला कळत नव्हतं.

"ते भोक अजून उघडंच हाय न्हवं?" तात्यांनी विचारलं.

"हो. पण तात्या, बुजवलं की तुमचा..."

"ठावं हाय."

"उद्या सकाळी करते. आजची संध्याकाळ बोला माझ्याशी. यार्डातल्या कोणाला बोलवायचंय? कोणाला काही सांगायचंय?"

"त्या बाईला कुणी संध्याकाळ दिली व्हती?" पट्ट्यातून तात्यांचा सौद्यातला आवाज निघाला, खणखणीत. "आधी कर. मग रड."

तिनं केलं. नवा डबा उतरला, पट्ट्याचा दिवा विझून पुन्हा लागला. तात्यांनी बोलून बघितलं. चिखल आला. पुन्हा बघितलं, पुन्हा तेच. मग त्यांनी प्रयत्न सोडला आणि तिच्याकडे नुसतं बघत राहिले. तिनं पट्टा सोडवला. गळ्यावर वळ उठला होता, तो ती किती तरी वेळ चोळत बसली.

कंपनीच्या वकिलानं बजावलं होतं, मगदूमांकडे कोणी जायचं नाही, जे काय ते कागदावर. हर्षदानं ऐकून घेतलं. सकाळी तात्यांना विचारलं, "मी एकटी जाऊन येऊ?" तात्यांचे डोळे उघडेच. "तुम्ही येताय?" त्यांनी डोळे मिटले. मिटले म्हणजे हो, एवढीच त्या दोघांची भाषा आता उरली होती.

जयसिंगपूरला मगदूमांचं घर गल्लीच्या टोकाला होतं. चंपाताईंनी दार उघडलं. त्यांनी खुर्चीतल्या तात्यांकडे बघितलं आणि काही न विचारता उंबऱ्यावरून खुर्ची उचलायला हात लावला. खुर्ची कुठे धरायची ते त्यांना बरोबर माहीत होतं.

हर्षदानं सांगितलं. घरी सांगितलं होतं तसंच, पण इथे शब्द जड गेले. चंपाताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"म्हणजे ते 'नको' कुणाचं? त्यांचं, का त्या चोराचं?"

उत्तर किती सोपं होतं! त्यांचंच होतं, काकू. एवढं म्हटलं असतं तर म्हातारीच्या जिवाला शांती मिळाली असती. खोटं आहे हे जगात कोणाला दाखवता आलं नसतं. पाऊलखुणा पुसलेल्याच होत्या. आणि ते म्हटलं की हर्षदाही सुटत होती. तेच तिला नडलं. जे बोलून आपण सुटतो ते या बाईच्या भल्याचं म्हणून कसं द्यायचं? एकदा दिली होती की अशी सूट.

"माहीत नाही, काकू. कधीच कळणार नाही. आणि कळणार नाही ते माझ्यामुळं."

बाहेर कोणीतरी भंगार मागत गेला, तो गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत चंपाताई तशाच बसून होत्या.

"डॉक्टरांनी दोनदा विचारलं," त्या म्हणाल्या. "दोन्हींदा नको आलं. मी म्हटलं, दमलेत, सोडू या. मी सही केली. मुलगा वाटेत होता, त्याच्यासाठी थांबले नाही. तो अजून नीट बोलत नाही माझ्याशी. मी त्याला सांगत होते, अरे, त्यांनीच सांगितलं, मी माझ्या कानांनी ऐकलं. आता काय सांगू?"

हर्षदानं हात जोडले.

चंपाताईंची नजर तात्यांच्या गळ्यावरच्या वळावर गेली.

"यांचा पट्टा?"

"काल काढला. आता नाही चालणार तो."

"मग यांचं काय हवं नको ते कसं कळतं तुला?"

"डोळ्यांवरून. मिटले की हो. उघडे ठेवले की नाही."

चंपाताई उठल्या. तात्यांच्या खुर्चीसमोर खाली बसल्या आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. बोलल्या तेव्हा आवाज इतका बारीक होता की हर्षदाला पुढे वाकावं लागलं.

"त्यांचेही डोळे हलत होते. डॉक्टर विचारत होते तेव्हा. काहीतरी सांगत होते बहुतेक. मी बघितलंच नाही हो. पट्टा बोलत होता ना, मी पट्ट्याकडं बघत होते."

तात्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसायला त्यांना हात नव्हते. चंपाताईंनी पदरानं पुसलं, जसं घरच्या माणसाचं पुसतात तसं, आणि विचारलं, "चहा घेणार? पावडर घालून घट्ट करते, आमच्यांना तसाच उतरायचा घशाखाली."

त्यांनी घाई केली नाही. तात्यांच्या डोळ्यांवरून नजर न हलवता बसून राहिल्या. पापण्या हळूहळू खाली आल्या.

"पुन्हा एकदा सांगा," चंपाताई म्हणाल्या. "घेणार?"

पापण्या पुन्हा खाली आल्या. मग त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि आत गेल्या. हर्षदा मदतीला म्हणून उठली, दारापर्यंत गेली.

"तू बस," आतून आवाज आला. "तुला नाही विचारलं मी."

चहा दोनच कप आला. एक चंपाताईंनी स्वतःसाठी ठेवला. दुसरा चमच्या-चमच्यानं तात्यांना पाजला. प्रत्येक चमच्याआधी त्या थांबत होत्या, विचारत होत्या आणि डोळे मिटेपर्यंत वाट बघत होत्या.